घाट उतरून आलेली गाडी नेमकी कुठे थांबते? एका मॉडेल रेल्वेतल्या स्वयंचलित ब्रेकचं प्रकरण

पार्श्वभूमी

सहकारनगरमधल्या एका घराच्या गच्चीवर ४.२ मीटर लांब आणि २.७ मीटर रुंद खोली आहे. तिच्या भिंतींना लागून बसवलेल्या फळ्यांवर एचओ मापाची, म्हणजे १:८७ प्रमाणातली रेल्वे धावते. रूळ १६.५ मिलिमीटर गेजचे आहेत. आपल्या ब्रॉडगेजचे १,६७६ मिमी ८७ने भागले तर १९.३ मिमी येतात, पण बाजारात तयार मिळणारे रूळ १६.५चेच, म्हणून ही तडजोड इथेही स्वीकारलेली आहे. कोथरूडचं जोशी मिनिएचर रेल्वे संग्रहालय १९९८मध्ये सुरू झाल्यापासून पुण्यात छोट्या रेल्वेचं कुणाला फारसं नवल राहिलेलं नाही. घरात, कॉम्प्युटरच्या हाती गाड्या सोपवून चालवणारे मात्र अजून थोडेच आहेत.

मांडणीचा विषय भोर घाट. वर खंडाळ्याची आठवण देणारं दोन फलाटांचं स्टेशन आणि खाली, फळीच्या पोटात झाकलेलं चार लाइनींचं यार्ड. घरात त्या यार्डाला सरळ ‘कर्जत’च म्हणतात. दोन्हींना जोडणारा उतार खऱ्या घाटासारखाच १ इन ३७ ठेवला आहे. ३.७ मीटर लांबीत रूळ १० सेंमी खाली येतो.

हे सगळं दोघं मिळून सांभाळतात. एक निवृत्त गृहस्थ, ज्यांचं आयुष्य टूलरूममध्ये गेलं, आणि त्यांची पुतणी, जी इन्स्ट्रुमेंटेशनच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पुढे त्यांना काका आणि पुतणी असंच म्हटलं आहे.

नियंत्रण डीसीसी पद्धतीचं, म्हणजे रुळातून विजेबरोबरच प्रत्येक इंजिनाला वेगळा डिजिटल हुकूम जातो. आर्डुइनो मेगा या छोट्या कंट्रोलर बोर्डावर डीसीसी-ईएक्स हे सॉफ्टवेअर, त्यावर रुळाला वीज देणारा मोटर शील्ड बोर्ड, १५ व्होल्टचा अॅडाप्टर. शील्डमध्ये थोडे व्होल्ट खर्च होऊन रुळावर साधारण १३ व्होल्ट पोचतात. लॅपटॉपवर गाड्या चालवणारा जेएमआरआय हा मोफत प्रोग्रॅम. बहुतेक सुटे भाग बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपासच्या दुकानांतून आणलेले. पाच इंजिनांतले डिकोडर, म्हणजे हुकूम वाचून मोटर चालवणारे छोटे बोर्ड, मात्र वेगवेगळ्या वेळी, जसे मिळाले तसे घेतलेले, आणि वेगवेगळ्या बनावटीचे. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली.

यार्डातल्या प्रत्येक लाइनीच्या सुरुवातीला एका रुळाला काप देऊन तो तुकडा करंट ओळखणाऱ्या बोर्डामार्फत जोडला होता. इंजिनाने त्या तुकड्यातून वीज घ्यायला सुरुवात केली की बोर्ड मेगाला कळवतो आणि प्रोग्रॅमला समजतं की गाडी लाइनीत शिरली. प्रत्येक लाइनीला एवढा एकच सेन्सर होता. याचा अर्थ असा की गाडी आत शिरल्याचा क्षण प्रोग्रॅमला कळतो आणि त्यापुढे तो डोळे मिटून हिशेब करतो: वेगाच्या १२६ पायऱ्यांपैकी या पायरीला या इंजिनाचा वेग इतका, इतक्या सेकंदांत इतके सेंटिमीटर, आता पुढची पायरी, आता थांब.

अडचण

यार्डातली लाइन दोन्ही टोकांच्या फाउलिंग मार्कांमध्ये १९० सेंमी आहे. फाउलिंग मार्क म्हणजे ज्याच्या पलीकडे उभी गाडी शेजारच्या लाइनीवरच्या गाडीला घासते ती हद्द. इंजिन २२ सेंमी आणि आयसीएफ बनावटीचा प्रत्येक डबा २५.६ सेंमी धरला तर पाच डब्यांची गाडी १५० सेंमी होते. उरतात ४० सेंमी. इंजिनाचं नाक पुढच्या मार्काच्या १० सेंमी अलीकडे केलेल्या खुणेवर थांबावं असं ठरवलं होतं. म्हणजे गाडी १० सेंमी पुढे गेली किंवा ३० सेंमी मागे राहिली तरी निभावलं असतं.

निभावत नव्हतं. कधी गाडी खुणेच्या १८ सेंमी अलीकडे थांबे, कधी १६ सेंमी पुढे जाई. पुढे गेली की तिचं नाक सांध्यांच्या शिडीत, म्हणजे लाइनी जिथे एकत्र मिळतात त्या सांध्यांच्या रांगेत, घुसे. एका रविवारी याच कारणाने शेजारच्या लाइनीवरून निघालेली गाडी तिला घासली, दोन डबे रुळांवरून उतरले आणि शॉर्ट होऊन सगळी वीज गेली. यार्ड झाकलेलं असल्याने हात घालून डबे काढायला अर्धा तास गेला. शिवाय काकांना सहा डब्यांची गाडी हवी होती. ती होते १७६ सेंमी, म्हणजे मोकळी जागा जेमतेम १४ सेंमी. थांबण्यात ३४ सेंमीचा विस्कळीतपणा असताना सहाव्या डब्याचं नावही काढता येत नव्हतं.

पहिला अंदाज

काकांचा संशय उतारावर होता आणि तो साहजिक होता. इंजिन यार्डात ब्रेक लावत असतं तेव्हा मागचे डबे अजून १ इन ३७च्या उतारावर असतात, ते ढकलत असणार. हिशेब मात्र वेगळं सांगतो. डबा साधारण १५० ग्रॅमचा, पाच डबे ७५० ग्रॅम. ७५० भागिले ३७ म्हणजे सुमारे २० ग्रॅमचा ढकल, आणि त्यातलाही बराचसा भाग चाकांच्या घर्षणात जिरतो. त्यातून या इंजिनांत मोटर आणि चाकांच्या मध्ये वर्म गिअर असतो. चाकांकडून ढकलून वर्म फिरत नाही. उतारावर त्यामुळे इंजिन हिसके देऊ शकतं, पण पळून जाऊ शकत नाही.

नुसत्या हिशेबावर विसंबणं काकांच्या स्वभावात नाही. एकच इंजिन दहा वेळा एकटं आणि दहा वेळा पाच डब्यांसह उतरवलं. सरासरी फरक सेंटिमीटरभराचा निघाला. उतार निर्दोष सुटला.

या टप्प्यावर एक चूक आधीच होऊन गेली होती, जी नंतर उलगडली. काही महिन्यांपूर्वी आवाज करणारं डिझेल इंजिन सतत पंधराएक सेंमी पुढे जात होतं, म्हणून काकांनी प्रोग्रॅममध्ये लाइनीची ब्रेकची लांबी, म्हणजे सेन्सरपासून खुणेपर्यंतचं अंतर, १७५ऐवजी १६० सेंमी भरली. ते इंजिन खुणेवर थांबू लागलं. एका इंजिनाचा दोष झाकण्यासाठी रुळाची लांबी खोटी लिहिली गेली आणि बाकीची इंजिनं अलीकडे थांबू लागली. संगणकावर चालणाऱ्या मांडण्यांत ही चूक वारंवार दिसते. रूळ सगळ्या इंजिनांचा सामाईक असतो. दोष इंजिनाचा असेल तर दुरुस्ती इंजिनाच्याच नोंदीत व्हायला हवी.

मोजमाप

पुतणीचं म्हणणं होतं, “काका, प्रोग्रॅम बरोबर आहे. इंजिनं खोटं बोलतायत.”

“अगं, मग कोणतं कधी खोटं बोलतं ते आधी वहीत लिहून काढ. मग बघू.”

आमच्या मते या प्रकरणातला सर्वांत चांगला निर्णय हाच. यार्डाच्या कडेला शिंप्याची टेप चिकटवली, खुणेला शून्य धरलं. ब्रेकची लांबी पुन्हा खरी, १७५ सेंमी केली. पाच इंजिनं, प्रत्येकी वीस फेऱ्या, आणि दर फेरीला एवढी नोंद: इंजिन, लाइन क्रमांक, दिवसातली कितवी फेरी, तोंड कुठे, थांबली कुठे. दोन संध्याकाळी गेल्या. वहीची पानं भरली तेव्हा ‘कुठेही थांबते’ या तक्रारीतून तीन वेगळे दोष बाहेर आले. प्रत्येकाची चूक १२ ते १५ सेंमीची, म्हणून एकत्र पाहताना ते एकाच दोषासारखे भासत होते.

पहिला दोष आवाजाच्या डिझेलचा. ते नेहमी, सगळ्या लाइनींवर, सुमारे १५ सेंमी पुढे. कारण सीव्ही ४ मध्ये होतं. डिकोडरच्या या खान्यात वेग कमी होण्याचा दर ठरतो. गाडी डौलात थांबावी म्हणून काकांनी तिथे २५ भरले होते. एनएमआरए या अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वे संघटनेच्या मानकाप्रमाणे हा आकडा ०.८९६ने गुणला की पूर्ण वेगापासून थांबेपर्यंतचे सेकंद मिळतात (काही उत्पादक स्वतःचा वेगळा गुणक वापरतात, म्हणून आधी पुस्तिका पाहावी). २५ गुणिले ०.८९६ म्हणजे २२.४ सेकंद, १२६ पायऱ्यांत वाटले तर एका पायरीला ०.१८ सेकंद.

आता प्रोग्रॅमची बाजू. गाडी यार्डात शिरते तेव्हा वेग सेकंदाला १९.२ सेंमी, म्हणजे प्रमाणात ताशी ६० किमी. या इंजिनाला त्यासाठी ४५वी पायरी लागते. प्रोग्रॅम तिथून शून्यावर पाच टप्प्यांत येत होता, दर टप्प्याला नऊ पायऱ्या, आणि हुकूम पाठवला त्या क्षणी वेग उतरला असं धरत होता. डिकोडर मात्र नऊ पायऱ्या उतरायला १.६ सेकंद घेई. दर टप्प्याला वेगातला फरक ३.८४ सेंमी प्रति सेकंद. त्याच्या निम्मे गुणिले १.६ म्हणजे साधारण ३ सेंमी जास्तीचे. पाच टप्प्यांचे १५. वहीतला आकडा आणि हा आकडा जुळल्यावर शंकेला जागा राहिली नाही. एकाच गाडीला दोन ड्रायव्हर ब्रेक लावत होते, आणि एकाला दुसऱ्याची खबर नव्हती.

दुसरा दोष जुन्या डिझेलचा, आणि सगळ्यांत अवघड हाच होता. ते १ आणि २ क्रमांकाच्या लाइनींवर खुणेजवळ थांबे; ३ आणि ४वर बरोबर १२ सेंमी पुढे. बाकीच्या चारही इंजिनांना लाइनीने फरक पडत नव्हता. जुन्या बनावटीच्या काही मॉडेलांत पुढची बोगी फक्त एका रुळावरून वीज घेते आणि मागची बोगी फक्त दुसऱ्या. (बोगी म्हणजे इथे डबा नव्हे, इंजिनाखालची चाकांची चौकट.) यार्डातले बोर्ड दोन खेपांत बसवले होते. १-२ लाइनींवर काप उजव्या रुळाला होता, ३-४वर सोयीसाठी डाव्या. उजव्या रुळावरून वीज घेणारी बोगी पुढे असल्याने १-२वर इंजिन शिरताक्षणी ओळखलं जाई. ३-४वर मागची बोगी काप ओलांडेपर्यंत बोर्डाला काहीच कळत नसे. दोन बोग्यांमधलं अंतर बरोबर १२ सेंमी.

इथे पुतणीने सुचवलं की इंजिन उलट तोंडाने ठेवून पाहू, फरक उलटेल. तो उलटला नाही आणि थोडा वेळ दोघंही गोंधळली. कागदावर काढून पाहिलं की उलगडतं: इंजिन १८० अंशांत फिरवलं की मागची बोगी पुढे येते, पण तिची डावी बाजूही उजवीकडे जाते. म्हणजे पुढची बोगी पुन्हा उजव्याच रुळावरून वीज घेते. तोंड बदलून काही होत नाही. प्रवासाची दिशा किंवा काप दिलेला रूळ बदलला तरच फरक पडतो. असा दोष शोधताना ही गोष्ट माहीत नसेल तर माणूस बरोबर अंदाज चुकीचा समजून सोडून देतो.

तिसरा दोष थंडीचा. एका इंजिनाच्या डिकोडरमध्ये बॅक ईएमएफची सोय नाही, म्हणजे मोटर खरोखर किती फिरते आहे हे तो मोजत नाही, नुसते व्होल्ट सोडतो. डिसेंबरच्या थंडीत गच्चीवरच्या खोलीत गारठलेल्या ग्रीसमुळे ते पहिल्या चार-पाच फेऱ्यांत साधारण ८ टक्के हळू चाले. १७५ सेंमीचे ८ टक्के म्हणजे १४ सेंमी, आणि तेवढंच ते अलीकडे थांबत होतं. बॅक ईएमएफ असलेल्या इंजिनांत हा फरक दोन-तीन सेंमीपुरता होता.

पर्याय

पहिला पर्याय पुतणीने वाचलेला एबीसी ब्रेक. लेंझ कंपनीने आणलेली ही युक्ती प्रोग्रॅमला मध्ये घेतच नाही. थांबायच्या तुकड्यात वीज चार सिलिकॉन डायोडांतून एका दिशेला आणि एका शॉट्की डायोडातून उलट दिशेला पाठवायची. एका बाजूला सुमारे २.८ व्होल्ट पडतात, दुसऱ्या बाजूला ०.३. हा असमतोल ओळखून डिकोडर स्वतः ब्रेक लावतो. सीव्ही २७मध्ये कोणत्या रुळाचा असमतोल ओळखायचा ते सांगावं लागतं, आणि काही डिकोडर ठरावीक अंतरात थांबण्याचीही सोय देतात. सुटे भाग नगण्य किमतीचे: लाइनीला चार १एन५४०८, एक १एन५८२२ आणि गाडी पुढे सोडण्यासाठी डायोडांना वळसा देणारा एक रिले, म्हणजे विजेने चालणारा स्विच.

त्यांनी हे एका लाइनीवर करूनही पाहिलं, तीन रविवार घालवून. पाचपैकी दोनच डिकोडरांना एबीसी कळत होतं. उरलेल्या तीन इंजिनांसाठी दुसरी पद्धत लागणारच होती, मग एका यार्डात दोन पद्धती कशाला? सगळे डिकोडर एकाच बनावटीचे आणि एबीसी समजणारे असते तर आम्हीही हाच पर्याय आधी सुचवला असता. डिकोडरांची यादी डायोड आणण्याआधी तपासायला हवी होती.

दुसरा, लाइनीच्या शेवटी १५ सेंमीचा तुकडा रिलेने मृत करायचा. जुना आणि सोपा उपाय. पण आवाजाच्या डिझेलमध्ये मळकट रुळावर आवाज तुटू नये म्हणून थोडी वीज साठवणारा कपॅसिटर बसवलेला होता. वीज गेल्यावरही ते वीस सेंमी पुढे गेलं. कपॅसिटर असलेल्या इंजिनासाठी मृत तुकडा ही अडवणूक राहतच नाही.

तिसरा, आहे तो एकच सेन्सर ठेवून इंजिनं सुधारायची. खर्च शून्य. पण सगळं नीट जमलं तरी १७५ सेंमीच्या आंधळ्या हिशेबात तीन टक्के चूक धरली तर पाच सेंमी होतात. सहाव्या डब्याला तेवढं परवडत नव्हतं.

चौथा, थांबण्याच्या जागीच दुसरा सेन्सर. यामागचं गणित एका वाक्याचं आहे. बोर्डातला फिल्टर, यूएसबी, प्रोग्रॅम आणि रुळावरचा हुकूम यांत मिळून सुमारे ०.३ सेकंद जातात. १९.२ सेंमी वेगाला तेवढ्यात गाडी ६ सेंमी जाते. प्रमाणात ताशी १० किमी म्हणजे ३.२ सेंमी वेगाला जाते फक्त १ सेंमी. सेन्सरपाशी गाडी सरपटत पोचली तर आधीच्या हिशेबातली चूक पुसली जाते.

तिसरा आणि चौथा एकत्र करायचं ठरलं. इंजिनं न सुधारता नुसता सेन्सर लावण्याचा मोह होता, पण १५ सेंमी पुढे जाणारं इंजिन सेन्सरवर अजून वेगातच आलं असतं आणि सगळा खटाटोप वाया गेला असता.

केलेली कामे

आधी इंजिनं. सगळ्यांचे सीव्ही ३ (वेग वाढण्याचा दर) आणि सीव्ही ४ दोनवर आणले. शून्य केलं नाही, कारण मग प्रत्येक पायरीला गाडी ठेचकाळते; दोनमुळे पाच टप्प्यांची मिळून चूक सव्वा सेंमीच्या आत राहते. डौल आता प्रोग्रॅम वेग उतरवतो त्यातून येतो, पाचऐवजी पंधराएक लहान टप्प्यांत. काकांना ब्रेकचा किंचाळा गमावण्याचं वाईट वाटलं, कारण डिकोडर तो आवाज मोठ्या सीव्ही ४वर अवलंबून काढत होता. तो आता फंक्शनच्या बटणावर ठेवला आहे आणि वरच्या स्टेशनात हाताने वाजवतात.

मग वेगाची मोजणी नव्याने. जुनी मोजणी मोठ्या सीव्ही ३सकट झाली होती, त्यामुळे मोजायच्या तुकड्यात शिरताना इंजिन अजून वेग घेतच होतं आणि सगळे आकडे कमी नोंदले गेले होते. या वेळी क्रम असा ठेवला: इंजिन पंधरा मिनिटं फिरवून गरम करायचं, रूळ आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचे, मोजायचा तुकडा सपाट आणि निदान मीटरभराचा घ्यायचा, त्याच्या आधी अर्धा मीटर वेग स्थिरावायला सोडायचा, आणि पुढे-मागे दोन्ही दिशांना मोजायचं. जेएमआरआय दोन्ही दिशांचे वेग स्वतंत्र ठेवतो आणि ते खरोखर वेगळे असतात.

जुन्या डिझेलच्या दोन्ही बोग्यांना दोन्ही रुळांवरून वीज मिळेल अशा फॉस्फर ब्राँझच्या पातळ पट्ट्या बसवल्या. हे काम काकांचं. चाकाच्या मागच्या बाजूला पट्टी हलकी टेकली पाहिजे. जास्त दाबली की चाक ब्रेक लागल्यासारखं जड होतं, कमी दाबली की वळणावर सुटते. ३-४ लाइनींचे काप उजव्या रुळावर न्यायचा विचार झाला, पण तिथे खडी चिकटवलेली होती. इंजिन बदलणं सोपं होतं.

बॅक ईएमएफ नसलेलं इंजिन तसंच राहिलं. त्याला पहिल्या पाच फेऱ्या हाताने फिरवून मगच प्रोग्रॅमकडे द्यायचं, असा नियम केला. डिकोडर बदलणं योग्य झालं असतं, पण तो खर्च पुढे ढकलला.

सेन्सरसाठी आधी रुळांमध्ये टीसीआरटी ५००० हा इन्फ्रारेड सेन्सर बसवून पाहिला. हा परावर्तनावर चालतो आणि अडीच मिलिमीटर अंतराला सर्वांत नीट काम करतो. इंजिनाचा तळ त्याहून वर आणि काळ्या प्लास्टिकचा. असं प्लास्टिक इन्फ्रारेड बरंचसं गिळून टाकतं. तळाला पांढरी पट्टी चिकटवून तो चालला, पण पाचपैकी एका इंजिनाची पट्टी तेलाने सुटली आणि भरवसा गेला. मग रुळाच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर इन्फ्रारेड एलईडी आणि फोटोट्रान्झिस्टर, एलएम३९३ ही व्होल्टची तुलना करणारी चिप असलेल्या तयार बोर्डाला जोडून. किरण रुळाला तिरका, साधारण ४५ अंशांत, कपलिंगच्या वर डब्याच्या अंगाला लागेल असा. सरळ आडवा किरण दोन डब्यांमधल्या फटीत सुटतो आणि सेन्सर ‘गाडी गेली’ असं समजतो. यार्ड झाकलेलं असल्याने उन्हाचा त्रास नव्हता, फक्त खिडकीकडच्या ४ क्रमांकाच्या लाइनीवर दुपारी तिरीप येई. फोटोट्रान्झिस्टरला काळ्या स्ट्रॉचा दोन सेंमीचा तुकडा घातल्यावर ते थांबलं.

किरण खुणेच्या दीड सेंमी अलीकडे. प्रोग्रॅममध्ये त्या सेक्शनचा थांबण्याचा सेन्सर म्हणून तो नोंदवला. गाडीने किरणाच्या २० सेंमी अलीकडे ३.२ सेंमी वेगाला यायचं आणि सरपटत जायचं, म्हणजे हिशेबात दहा-बारा सेंमी इकडे-तिकडे झाले तरी चालतं. सरपटणं सहा-सात सेकंदांचं होतं, वाईट पडलं तर दहा. उघड्या फलाटावर हे विचित्र दिसलं असतं. झाकलेल्या यार्डात कोण पाहतंय?

यानंतर एक निर्णय उरला होता, आणि आमच्या दृष्टीने तो थांबण्याच्या अचूकतेपेक्षाही मोलाचा. गाडी कुठे थांबते हा एक प्रश्न, आणि ती चुकली तर काय होतं हा वेगळा. खऱ्या घाटात उतरणारी गाडी कह्यात राहिली नाही तर तिला मुख्य लाइनीवरून बाजूला घेणारी कॅच सायडिंग असते. दोनपेक्षा जास्त संकेत देणाऱ्या, म्हणजे मल्टिपल अॅस्पेक्ट सिग्नलच्या पुढे १२० मीटरचं राखीव अंतर, म्हणजे ओव्हरलॅप, मोकळं ठेवतात. १:८७मध्ये ते १३८ सेंमी होतात. एवढी जागा यार्डात असणं शक्य नाही. जागा नाही, तर कुलूप हवं. म्हणून जेएमआरआयमध्ये अट घातली: शिडीतला ब्लॉक दोन सेकंद सलग मोकळा आणि आत आलेल्या गाडीचा किरण अडलेला, या दोन्ही गोष्टी खऱ्या असल्याशिवाय पुढच्या गाडीसाठी सांधे फिरणार नाहीत. सरपटायला लागून पंधरा सेकंदांत किरण अडला नाही तर घंटी वाजते आणि यार्ड बंद राहतं. मध्येच वीज गेली तरी परत आल्यावर कुलूप लागलेलंच असतं.

शिडीत राहिलेली शेपटी कळण्यासाठी शेवटच्या डब्यानेही थोडी वीज घ्यायला हवी. प्रत्येक डब्याच्या दोन टोकांच्या एकेका धुरीवर, म्हणजे चाकांच्या जोडीतल्या दांड्यावर, इन्सुलेशन ओलांडून, १० किलोओहमचा रोध चिकटवून वीज वाहणाऱ्या चांदीच्या रंगाने जोडला. १३ व्होल्टला एका धुरीतून १.३ मिलिअँपिअर जातात. बोर्डाला एवढा करंट दिसत नव्हता. कॉइलमधून तारेचे वेढे दोनऐवजी सहा केल्यावर दिसू लागला. प्लास्टिकच्या चाकांवर हा उपाय चालत नाही, म्हणून चार जुन्या डब्यांची चाकं बदलावी लागली.

निष्पत्ती

पुन्हा पाच इंजिनं, वीस-वीस फेऱ्या, तीच टेप, तीच वही. शंभरपैकी शहाण्णव फेऱ्यांत गाडी खुणेच्या दोन सेंमीच्या आत थांबली. उरलेल्या चारांत ती सरपटताना किरणाच्या आधीच अडकली, कारण एवढ्या हळू वेगाला रुळावरचा धुळीचा ठिपकाही पुरतो. चारही वेळा घंटी वाजली, सांधे फिरले नाहीत, कुणी कुणाला घासलं नाही. शेजारी बांधकाम सुरू असल्याने यार्डातले रूळ आता दर आठवड्याला पुसतात. आधी महिन्याने पुसत.

थांबण्याची खूण पुढच्या मार्काच्या ४ सेंमी अलीकडे सरकवली. सहा डब्यांची गाडी आत येऊन उभी राहते आणि तिच्या शेपटीमागे १० सेंमी मोकळे राहतात.

वेगळं काय करता आलं असतं

वही सर्वांत आधी हवी होती. एबीसीवरचे तीन रविवार आणि लांबी खोटी भरण्याचा उद्योग, दोन्ही त्या दोन संध्याकाळींनी वाचवले असते.

खडी चिकटवण्याआधी सगळे काप एकाच बाजूच्या रुळाला आहेत ना हे पाहिलं असतं आणि सेन्सरच्या तारांसाठी प्रत्येक लाइनीच्या टोकाला दोन भोकं सोडली असती, तर फळीच्या खाली आडवं पडून ड्रिल मारण्याची वेळ काकांवर आली नसती. नवी मांडणी करणाऱ्याने सेन्सर लगेच बसवला नाही तरी भोकं पाडून ठेवावीत.

बॅक ईएमएफ नसलेल्या इंजिनाचा निर्णय आम्हाला अजूनही पटत नाही. एका डिकोडरचे पैसे वाचले, पण दर रविवारी पाच फेऱ्या हाताने फिरवाव्या लागतात आणि एप्रिलच्या उन्हात तापलेल्या खोलीत तेच इंजिन उलट जोरात धावणार, तेव्हा मोजणी पुन्हा करावी लागेल.

वरच्या स्टेशनाचा प्रश्न बाकी आहे. तिथे इंजिन एका खुणेवर थांबवून भागत नाही. चार डब्यांची असो की सहा, गाडीचा मध्य फलाटाच्या मध्यावर यावा असं काकांना वाटतं, आणि लोकांच्या डोळ्यांसमोर दहा सेकंद सरपटणं त्यांना मान्य नाही. त्यासाठी प्रत्येक गाडीची लांबी प्रोग्रॅमला द्यावी लागेल आणि किरण फलाटाच्या शेवटी न ठेवता सुरुवातीच्या तिसऱ्या हिश्श्यात ठेवून उरलेलं अंतर हिशेबाने काढावं लागेल. त्या भागातला आंधळा हिशेब ६० सेंमीचा असेल. तीन टक्के धरले तर दोन सेंमीपेक्षा कमी चूक. पुतणीने भोकं पाडून ठेवली आहेत.